मागे चालत गेलेला गार्ड

एनॉक स्पर्लिंगला हॉलोवेत दोन गोष्टींवरून ओळखत. एक म्हणजे त्याच्या मिशा. सूप प्यायला की निम्मं सूप मिशांतच राही आणि त्याची बायको मॉड म्हणे, "उरलेलं उद्यासाठी ठेवलंयस का रे?" आणि दुसरी गोष्ट कुणी तोंडावर बोलत नसे. तो वळला की पाठीमागून कुजबूज व्हायची, "हाच तो. मागे चालत न गेलेला गार्ड."

रेल्वेवाल्यांच्या गल्लीत याहून वाईट शिवी नाही. चोर म्हणा, दारुडा म्हणा, माणूस हसून घेईल. पण गार्डाला असं म्हटलं की संपलं. गाडी भलत्या जागी थांबली की गार्डानं खाली उतरायचं, पाऊण मैल मागे चालत जायचं आणि दहा-दहा पावलांवर तीन फटाके शिशाच्या पट्टीनं रुळाला बांधायचे, हा नियम त्या गल्लीतली पोरं प्रार्थनेच्या आधी शिकत. मागून दुसरी गाडी आली की तिच्या चाकाखाली ते फुटतात, धाड, धाड, धाड, आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. धुक्यात दिवा दिसत नाही, झेंडा दिसत नाही. फटाका मात्र ऐकू येतोच.

एकतीस सालच्या फेब्रुवारीत अशाच धुक्यात एनॉकची मालगाडी थांबली. डब्यांत होत्या कोंबड्या. एनॉक उतरला, मागे चालत गेला, तीन फटाके बांधले. तो परत येतोय तोच मागून हॉरेस क्रॅडॉकचं इंजिन आलं. फटाके फुटले. एनॉकनं स्वतः ऐकले, मोजले. पण इंजिन काही वेळेत थांबलं नाही, आणि गार्डाच्या डब्याचा पार चुरा झाला. नशीब, गार्ड त्यात नव्हता! माणूस एकही मेला नाही. इंजिनात कोळसा घालणाऱ्या फायरमनच्या तीन बरगड्या मोडल्या आणि चारशे कोंबड्या मोकळ्या सुटल्या. पुढे आठवडाभर आसपासच्या गावांत घरोघरी कोंबडीचा रस्सा शिजत होता म्हणतात.

चौकशीत क्रॅडॉक टोपी हातात घेऊन म्हणाला, "साहेब, मला एकही फटाका ऐकू आला नाही."

एनॉकनं खिशातून एक चपटा झालेला पत्रा काढून टेबलावर ठेवला. फुटलेल्या फटाक्याचं कवच. परत जाऊन खडीतून वेचून आणलं होतं त्यानं.

"हे कुठूनही आणता येतं," साहेब म्हणाले.

झालं! वीस वर्षांची नोकरी गेली. दिवा घेतला, झेंडे घेतले, शिट्टी घेतली, कोटाची पितळी बटणंसुद्धा मोजून घेतली. तो चपटा पत्रा तेवढा राहिला. मॉडनं तो शेगडीवरच्या फळीवर घड्याळाशेजारी मांडला. दर शनिवारी ती घड्याळ पुसायची तसा तोही पुसायची. पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, "हे काय?" तर म्हणायची, "आमच्याकडचं पदक."

पुढची काही वर्षं एनॉकनं मिळेल ते केलं. बाजारात कोबीची पोती उचलली, शाळेचं मैदान झाडलं. आणि सदतीस सालच्या हिवाळ्यात कालव्याकाठच्या सिनेमाच्या स्टुडिओत त्याला काम लागलं. आता गंमत ऐका, काम कसलं? तर आगगाडी हलवायचं.

स्टुडिओ लहान, आणि सिनेमा सगळा आगगाडीत घडणारा. परदेशातली गाडी, त्यात हेर, त्यात एक म्हातारा घड्याळजी गायब, त्यात पळापळी आणि हसाहशी. पण आख्खी गाडी ठेवायला जागा कुठली? म्हणून एकच डबा बांधलेला, फार तर दीड. तोच रंगवून कधी पहिला वर्ग, कधी तिसरा. खाली मोटारीच्या जाड स्प्रिंगा, आणि त्या स्प्रिंगांखाली खुपसलेली बारा फुटांची एक लाकडी बल्ली. तिच्या दुसऱ्या टोकाशी एनॉक. कॅमेरा सुरू झाला की त्यानं बल्ली दाबायची, सोडायची. डबा हलतो, खिडकीमागच्या पडद्यावर डोंगर पळतात, आणि लोकांना वाटतं गाडी निघाली.

पहिल्याच दिवशी दिग्दर्शक पेनरोजसाहेब म्हणाले, "हं, हलवा!"

"वेग किती, साहेब?" एनॉकनं विचारलं.

"वेग? अहो, हलवा म्हणजे हलवा."

"चाळीस मैलांनी असेल तर रुळांच्या सांध्यांचे ठोके जवळ जवळ येतात, वीस मैलांनी असेल तर लांब लांब. आणि स्टेशन जवळ आलं असेल तर सांधे बदलताना एक हिसका बसतो. डावीकडे वळतेय की उजवीकडे?"

पेनरोजसाहेबांनी तोंडातली सिगारेट काढली. उंच, सडसडीत माणूस, गळ्यात लोकरी मफलर. डोळे बारीक करून त्यांनी या मिशीवाल्याकडे पाहिलं. "चाळीस," ते म्हणाले. "डावीकडे."

एनॉकनं बल्ली धरली आणि डोळे मिटले. मग काय विचारता! टक-टक, टक-टक... बाकावर बसलेली नायिका आपसूक एका बाजूला कलली. पाद्र्याचं सोंग घेतलेल्या नटानं टोपी सावरली. कपातला चहा हवा तेवढाच हिंदकळला, एक थेंब बशीबाहेर नाही. त्या दिवसापासून पेनरोजसाहेब त्याला 'आमचं इंजिन' म्हणू लागले. एनॉकला ते आवडे, पण तो बजावून सांगे, "इंजिन नाही, साहेब. गार्ड."

महिना असा सुखात गेला. मग एके दिवशी दुपारी जेवणाचे डबे उघडून सगळे खायला बसले असताना आवाज टिपणाऱ्या टफनेलनं सगळा घोटाळा केला. टफनेल म्हणजे कानावर कायम काळी यंत्रं चढवलेला लुकडा माणूस. पावाला चरबी फासत तो सहज बोलून गेला.

"उद्या तुला आराम आहे, एनॉक. उद्या गाडी थांबते."

"का थांबते?"

"दुष्ट लोक जंगलात थांबवतात. धुकं असतं. आणि मागून त्यांचं दुसरं इंजिन येतं."

एनॉकचा घास हातातच राहिला. "मग गार्ड काय करतो?"

"तेच तर मजेचं आहे. गार्ड घाबरतो आणि जंगलात धूम ठोकतो. झुडपात त्याची विजार अडकते. थिएटर हसून लोळेल बघ."

एनॉकनं पाव कागदात परत गुंडाळला. दोन मिनिटांत तो पेनरोजसाहेबांसमोर उभा होता.

"साहेब, उद्याचा गार्ड मागे जात नाही असं ऐकलं."

"कोण गार्ड?"

"गाडीचा. गाडी थांबली, धुकं आहे, मागून इंजिन येतंय. त्यानं मागे चालत जायला पाहिजे. फटाके घेऊन."

पेनरोजसाहेब हसले. "अहो स्पर्लिंग, तो परदेशी गार्ड आहे."

"परदेशी असो नाहीतर चंद्रावरचा असो. गाडी थांबली की गार्डाला एकच रस्ता असतो. मागचा."

"हा विनोद आहे हो! लोकांना हसायला नको?"

"पाद्र्याची विजार अडकवा. त्याला ती सवय दिसते."

पाद्र्याचं सोंग घेतलेला नट तिथेच अंड्याचं सँडविच खात होता. त्याला ठसका लागला.

आता पेनरोजसाहेबांचं हसू मावळलं. "तुमचं काम हलवायचं आहे. तुम्हाला कथा कुणी विचारली?"

एनॉकनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मग नाही हलवत."

"काय?"

"दुपारचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. आपल्या गार्डाला पळपुटा दाखवणारी गाडी मी हलवणार नाही."

त्या दुपारी बल्लीवर चार सुतार लावले. कुणी वर उचलतोय, कुणी खाली दाबतोय, कुणाचा कुणाला मेळ नाही. डबा असा उसळला की नायिकेचा चेहरा काकडीसारखा हिरवा पडला आणि ती रुमाल तोंडाला लावून धावत बाहेर गेली. एनॉक भिंतीला टेकून उभा. चेहऱ्यावर रेषा नाही, फक्त मिशी किंचित हलत होती.

सुट्टी झाल्यावर पेनरोजसाहेब येऊन म्हणाले, "उद्या दिवसभर तुम्हाला डोकं थंड करायला वेळ आहे. उद्या गाडी उभीच आहे. परवा बल्लीवर या, नाहीतर येऊच नका. पण गार्ड पळणार. समजलं?"

"समजलं," एनॉक म्हणाला. समजलं म्हणजे पटलं नव्हे, हे साहेबांना कुठून कळणार?

घरी मॉडनं वाफाळता पुडिंगचा तुकडा पुढे ठेवला. त्यानं चमचा उचलला नाही, तेव्हाच तिला कळलं.

"काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. मॉड हात पुसत उभ्यानंच ऐकत राहिली.

"म्हणजे हा सिनेमा आपल्या कोपऱ्यावरच्या थिएटरात लागणार," ती म्हणाली. "आणि आख्खी गल्ली बघायला जाणार. आणि तो क्रॅडॉकसुद्धा, शर्टाची कॉलर ताठ करून. आणि गार्ड पळाला की सगळे वळून तुझ्याकडे बघणार."

"हो."

"आणि माझ्याकडे."

"हो, मॉड."

मॉड मागच्या खोलीत गेली आणि पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आली. झाकणावर राजाराणीचं चित्र. आत जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेले तीन फटाके होते. गोल, चपटे, शिशाच्या पट्ट्यांसकट.

एनॉक बघतच राहिला. "हे कुठून?"

"त्यांनी बटणं मोजली. कोटाच्या आतला खिसा कुणी बघितलाच नाही. मी काढून ठेवले. घरात शेगडी, तुझ्या हातात पाइप, छप्पर उडालं असतं. म्हणून कोळशापासून लांब ठेवले इतकी वर्षं." तिनं डबा त्याच्यापुढे सरकवला. "आता पुडिंग खा. आणि उद्या बूट पुसून जा. ड्युटीवर निघालेला माणूस मळक्या बुटांनी जात नाही."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत धुराची भांडी पेटवून जंगलातलं धुकं केलं होतं. डबा उभा. सकाळी गार्डाचं सोंग घेतलेला नट कॅमेऱ्याकडे पाठ करून झाडांत पळाला, त्याची विजार अडकली, सगळे हसले. एनॉकनं तेही पाहिलं आणि गिळलं. दुपारी आतल्या प्रवाशांचा प्रसंग होता: गाडी थांबलीय, सगळे श्वास रोखून ऐकतायत. पेनरोजसाहेबांनी हात वर केला. सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता झाली.

एनॉक तेव्हा डब्याच्या शेपटाशी उभा होता. त्यानं वळून चालायला सुरुवात केली. पावलं मोजत. नियम पाऊण मैलाचा, पण नव्वद पावलांवर अंगणाची भिंत होती आणि भिंतीपलीकडे कालवा, तेव्हा नाइलाज. मागच्या दारातून तो अंगणात आला. तिथे बॉयलरला कोळसा पोहोचवायला रुळांची एक आखूड जोडी होती आणि तिच्यावर कोळशानं काठोकाठ भरलेली ढकलगाडी. एनॉक गुडघ्यावर बसला. दहा पावलांवर एक, आणखी दहा पावलांवर दुसरा, आणखी दहा पावलांवर तिसरा. बोटं काही विसरली नव्हती. पट्ट्या रुळाखाली वळवून घट्ट केल्या. अंगणात कुणी नाही हे दोनदा पाहिलं. दार सताड उघडं ठेवलं. मग ढकलगाडीला मागून खांदा लावला.

धाड! धाड! धाड!

आत नायिका इतकी खरी दचकली की तिनं पाद्र्याला मिठीच मारली. पाद्र्याच्या हातातला कप खळकन फुटला. कुणीतरी पुटपुटलं, "हे काय झालं?" आणि मग सगळे जिथल्या तिथे, माना वळवून, मागच्या बाजूला बघत राहिले. कालव्यावरची बदकं ओरडत उडाली. पेनरोजसाहेब मफलर उडवत अंगणात आले. निळसर धुरात एनॉक ताठ उभा होता, टाच टाचेला जुळवून.

"गाडीची मागची बाजू सुरक्षित केली आहे, साहेब," तो म्हणाला.

"स्पर्लिंग! तुम्हाला वेड लागलंय? चालते व्हा! या क्षणी! पुन्हा या दारात दिसलात तर पोलिसांना बोलावीन!"

"जातो. पण कुणी विचारलं तर सांगा, गार्ड मागे गेला होता."

त्यानं खुंटीवरची टोपी आणि जेवणाचा डबा घेतला. फाटकाशी टफनेल धावत आला, यंत्रं अजून कानांवरच.

"तुझ्यामुळे माझे कान फुटले असते, म्हाताऱ्या!" तो धापा टाकत म्हणाला. मग आवाज खाली आणून, "पण तिन्ही स्वच्छ आलेत बरं का. घंटेसारखे."

"साहेबांनी ते सिनेमात ठेवले पाहिजेत ना," एनॉक म्हणाला आणि कालव्याच्या काठानं घरी चालू लागला.

मग परत कोबीची पोती. वसंत गेला, उन्हाळा गेला, एनॉकच्या वाफ्यात कमरेएवढा आंबट देठांचा ऱ्हुबार्ब वाढला. शरदात कोपऱ्यावरच्या थिएटरवर आगगाडीचं मोठं रंगीत चित्र लागलं.

"मी येत नाही," एनॉक म्हणाला.

"येतोस," मॉड म्हणाली. "आपण लपून बसलो तर ते खरे ठरले. चांगला कोट घाल." आणि घड्याळाशेजारचा चपटा पत्रा उचलून तिनं स्वतःच त्याच्या खिशात टाकला.

शनिवारचा दुपारचा खेळ. अर्धा दिवस काम संपवून आख्खी गल्ली आलेली. ड्रायव्हर, फायरमन, यार्डात डबे जोडणारे शंटर, त्यांच्या बायका, संत्र्यांची सालं, पाइपचा धूर. एनॉक आणि मॉड बसले, आणि बरोबर पुढच्या रांगेत हॉरेस क्रॅडॉकची जाड लालबुंद मान. त्या मानेनं वळून पाहिलं नाही. सहा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. डबा हलायला लागला तसा शेजारचा म्हातारा शंटर मान डोलवत म्हणाला, "कुणीतरी जाणकार आहे हं. बघ, सांध्यांवरून कशी जातेय!" मॉडनं एनॉकला कोपर मारलं. मग मधेच डबा उगाच उसळायला लागला. "ते सुतार," एनॉक कुजबुजला.

आणि गाडी जंगलात थांबली. पडद्यावर धुकं. एनॉकनं खुर्चीचे हात घट्ट धरले. गार्ड खाली उतरला, कॅमेऱ्याकडे पाठ करून झाडांत पळत गेला आणि... विजार अडकलीच नाही. तेवढा तुकडा कापलेला! लगेच आतले प्रवासी, श्वास रोखलेले. शांतता.

धाड! धाड! धाड!

पडद्यावर नायिका दचकली. थिएटरात बायका किंचाळल्या; त्यांना वाटलं गोळ्या झाडल्या. पण रेल्वेवाले किंचाळले नाहीत. त्या अंधारात, पडद्याच्या उजेडात, एनॉकला जे दिसलं ते तो मरेपर्यंत विसरला नाही. रांगेमागून रांग, जेवढे म्हणून ड्रायव्हर होते तेवढ्यांचा हात पटकन पुढे गेला आणि हवेतल्या हवेत ब्रेकची मूठ आवळली. डोक्यानं विचार करायच्या आत. सिगारेटी पडल्या, संत्री घरंगळली. पुढच्या रांगेच्या टोकाचा एक पेन्शनीत निघालेला आंधळा ड्रायव्हर तर पायसुद्धा रोवून बसला होता.

"गार्ड मागे गेला!" कुणीतरी ओरडलं. "शाबास रे गार्डा!"

"पण पळत कशाला गेला?" एनॉक पुटपुटला. "रुळावर पळालं की पाय मोडतो."

आणि मग त्याची नजर पुढे गेली. हॉरेस क्रॅडॉकचा हात अजून वरच होता. मूठ आवळलेली. ती मूठ क्रॅडॉक स्वतःच बघत होता, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

एनॉक पुढे वाकला. "हॉरेस," तो म्हणाला, मुद्दाम, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. "आज ऐकू आले वाटतं."

आसपासच्या दहा-बारा माना वळल्या. सगळ्यांना तो हात दिसला. क्रॅडॉकनं तो झटकन मांडीखाली घेतला.

पुढचा सिनेमा त्या दोन रांगांत कुणी धड पाहिला नसेल. हेर पकडला गेला, घड्याळजी सापडला, आणि शेवटची अक्षरं यायच्या आत क्रॅडॉक टोपी घेऊन उठला. त्याला दार गाठायचं होतं. पण रांगेच्या टोकाला आंधळा ड्रायव्हर काठी आडवी धरून बसलेला, आणि तेवढ्यात खेळाच्या शेवटी वाजवतात ते राजाचं गीत सुरू झालं. राजाचं गीत सुरू झालं म्हणजे जिथे असाल तिथे, ताठ, टोपी काढून. सारं थिएटर उभं राहिलं. क्रॅडॉकही अर्ध्या वाटेत, अडकलेला, तोंड नेमकं एनॉककडे.

एनॉकनं खिशातून चपटा पत्रा काढला आणि दोघांमधल्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. आसपासचे लोक गीत गात होते, पण नजरा सगळ्या त्या पत्र्यावर.

क्रॅडॉकच्या कपाळावर घाम आला होता. "हाताची सवय असते, एनॉक," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "आपोआप जातो. त्याचा काही अर्थ नसतो."

"सवय असते ना," एनॉक म्हणाला. "माझ्या पायांनाही होती. मागे चालत जायची."

गीत संपलं. कुणी जागचं हललं नाही. मग म्हाताऱ्या शंटरनं वाकून तो पत्रा उचलला, बाहीवर पुसला आणि दोन्ही हातांनी मॉडला दिला.